सवतीच्या ताटात

भुतांना रात्र लागते, ही शहाण्या माणसांनी आपल्या सोयीसाठी काढलेली समजूत आहे. सुरतेतल्या लिंबायतच्या बायकांना विचारा. त्या सांगतील, खरी वाईट वेळ दुपारी बाराची. पुरुष सकाळच्या पाळीला गेलेले, पोरं शाळेच्या वाटेवर, गल्लीतल्या लूमची खटखट तेवढी चालू आणि घरात बाई एकटी. जे यायचं ते तेव्हा येतं, आणि येताना कडी वाजवत नाही.

त्या बुधवारी बाराच्या सुमाराला जयश्री जिना चढून वर आली, तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्यावर एक ताट पालथं घातलेलं होतं आणि त्याच्या काठावरून पाणी निथळत होतं. ती खाली जाताना ओटा कोरडा होता, हे तिला पक्कं आठवत होतं. खाली ती साड्यांचं गाठोडं द्यायला गेली होती. पर्वत पाटियाच्या एका व्यापाऱ्याकडून साड्या यायच्या, जयश्री घरी बसून त्यांच्यावर चमकते खडे चिकटवायची. टेम्पोवाला काही दोन जिने चढायचा नाही, म्हणून तयार माल घेऊन हिनेच उतरायचं.

तिने ताट उजेडात धरलं. काठावर नाव कोरलेलं होतं, ‘सौ. उज्ज्वला योगराज’. उज्ज्वला म्हणजे तिच्या नवऱ्याची पहिली बायको. तिला जाऊन अकरा महिने झाले होते. तिचं ताट वरच्या फळीवर असायचं आणि त्यात कोणी जेवायचं नाही, असा सासूचा हुकूम होता. जयश्रीने कढईवरचं झाकण काढलं. सकाळी केलेल्या ढोबळी मिरचीच्या भाजीतून एका माणसाचा वाटा गेला होता. टोपलीतली एक भाकरही गेली होती. त्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा होत होतं.

दुसरी एखादी असती तर किंचाळून गल्ली गोळा केली असती. जयश्री किंचाळली नाही. पाट लावून दुसरेपणी आलेल्या बाईला ती चैन परवडत नाही. शेजारणी लगेच माना डोलावतात, बघा, हिला हे घर मानवत नाही. तिने ताट पुसलं, फळीवर ठेवलं आणि गळ्यातला टाक मुठीत धरून ती भिंतीला टेकून बसली. 

हा टाक उज्ज्वलाचा. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एवढासा पत्रा आणि त्यावर ठोकलेली बाईची आकृती. त्यांच्यात पहिली बायको वारल्यावर दुसरी केली, की तिच्या गळ्यात पहिलीला बांधतात. नवी साडी आली तर आधी टाकाला लावायची. जे शिजवलं त्याचा नखाएवढा घास आधी टाकाला लावायचा, ‘जेव व बहीन’ म्हणायचं, मग घराने जेवायचं. मेलेल्या सवतीला मान दिला म्हणजे ती जिवंत सवतीच्या वाटेला जात नाही. सवत मेली तरी सवतच, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पारोळ्याजवळच्या गावातून निघताना जयश्रीच्या आईने तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, “रोज घास लावजो तिले. पन तिन्हा ताटमा जेवजो नको. सवत एकदाव आंगमा बठनी का उठत नही.”

जयश्रीने मान हलवली होती. तिला तेव्हा सवतीची भीती नव्हती. तिला पोराची भूक होती. पहिल्या नवऱ्याने सात वर्षं वाट पाहिली आणि मूल होत नाही म्हणून काडीमोड दिली. माहेरी तीन वर्षं भावजयीचं बोलणं गिळल्यावर हे स्थळ आलं. सुरतेचा विधुर, लूमवर कामाला, नऊ वर्षांची मुलगी पदरात. बाकीच्या बायकांना जी मुलगी नको होती, तिच्यासाठीच जयश्री हो म्हणाली. आयतं मूल मिळतंय, यापेक्षा देवाने आणखी काय द्यावं, असं तिला वाटलं होतं. देव आयतं काही देत नसतो, हे तिला चार महिन्यांत कळलं.

मुलीचं नाव मयुरी. ती उलट बोलायची नाही, भांडायची नाही. फक्त जयश्रीच्या हातची भाजी खायची नाही. चहात खारी बुडवून खायची, शाळेत मिळेल ते खायची, रात्री कोरडी भाकर कुरतडायची. भाजी वाढली की ताट पुढे सरकवायची. उन्हाळ्यात शिवलेला शाळेचा फ्रॉक दिवाळी जवळ आली तेव्हा तिच्या अंगावर खांद्यावरून घसरत होता.

सासूबाई धुरपदाबाई रोज ते पाहायच्या आणि जेवायच्या आधी रोज रडायच्या. रडणं खोटं नव्हतं, पण त्याला वेळ ठरलेली होती. ताटं मांडली की त्या पदर डोळ्याला लावायच्या. “भुकी गयी व मन्ही वहू! पानीना थेंब नही, भाकरना तुकडा नही. आठ दिन भुकी!”

त्यातलं खोटं काहीच नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर उज्ज्वलाच्या आतड्याला पीळ पडला. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं आणि त्यांचं बरोबरच होतं. आठ दिवस ती सलाईनवर होती. नवव्या दिवशी गेली. लहान मुलं आत सोडत नव्हते, म्हणून मयुरीला आईचं शेवटचं जे काही मिळालं, ते फोनवर मिळालं.

मंगळवारी सासूने जयश्रीला निर्णय सांगून टाकला होता.

“प्रवीण येई इतवारले. पोरले अमळनेरले लई जाई.” प्रवीण म्हणजे उज्ज्वलाचा धाकटा भाऊ. “सुट्टीपुरतं नही, कायमनं. तुन्हा हातनं खास नही ती. हाडं दिखी ऱ्हायनात तिन्ही. तुले काय बोलू मी, तुन्हा दोष नही.”

‘तुझा दोष नाही’ हे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात जयश्रीने ते आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचं घर गेलं होतं.

त्या रात्री पाळीवरून आलेल्या योगराजला ती म्हणाली, “तुम्हीन सांगा ना आत्याबाईले. मी पोरले सांभाळसू.” कडोदऱ्याच्या रस्त्यावरच्या कारखान्यात पंधरा वर्षं लूम चालवून योगराजचे कान अर्धे गेले होते. बायकोचं बोलणं ऐकू न येण्याची सोय त्याला धंद्यानेच करून दिली होती. पण हे त्याला ऐकू गेलं. तो खाली मान घालून म्हणाला, “ती खाई तव्हय ना.” मग हात धुवायला गेला.

म्हणजे हातात चार दिवस. चार दिवसांत त्या पोरीच्या पोटात आपल्या हातचा एक घास गेला नाही, तर रविवारी ती मामाच्या बोटाला धरून जाणार. जयश्रीने सगळं करून पाहिलं होतं. शेव टाकून रस्सा केला, बटाट्याची केली, गोड शिरा केला. शेवटी आदल्या रविवारी शेजारच्या उषाबाईंनी सांगितलं होतं, पोरीला आईच्या हातची ढोबळी मिरचीची भाजी फार आवडायची. उज्ज्वला पाव तासात करायची आणि मजल्यावर वास सुटायचा.

हे ऐकून जयश्रीला हायसं वाटलं. ढोबळी मिरचीत काय अवघड आहे? नाव मिरचीचं, तिखटाचा पत्ता नाही, आणि शिजायलाही आढेवेढे घेत नाही. म्हणून त्या आठवड्यात रोज सकाळी तिने तीच केली. गावाकडे करतात तशी, लांब उभी चिरून, कांदा घालून, काळा मसाला सोडून आणि वर झाकण ठेवून. पहिल्याच दिवशी मयुरी दारात उभी राहून पाहत होती. ती एवढंच म्हणाली, “मम्मी असं नाय कापत.”

‘कापत नव्हती’ असं ती म्हणाली नाही. ‘कापत नाही’ म्हणाली. विळीवरचा जयश्रीचा हात थांबला होता.

आणि त्याच दिवसापासून ताट ओलं सापडायला लागलं. ज्या दिवशी जयश्री अकरानंतर साड्या घेऊन खाली जायची त्या दिवशी हटकून. ती वर येत असताना मयुरी दप्तर घेऊन जिन्यात तिच्या बाजूने खाली निघून जायची. धुरपदाबाई खालच्या पायरीवर बायकांत बसलेल्या. वर कोणी गेलेलं नसायचं. तरी भाजीचा वाटा जायचा. जी पोर त्या भाजीला शिवत नाही, तिच्यावर संशय घ्यायचं जयश्रीच्या मनात आलंच नाही. तिने सरळ हिशोब केला. या घरात भुकेलं कोण आहे? जिचं नाव ताटावर आहे ती.

दोन दिवस ती त्या भीतीबरोबर राहिली. भाजी चिरताना पाठीमागे कोणी उभं आहे असं वाटायचं. वळून पाहिलं की भिंतीवरच्या फोटोत उज्ज्वला, हळदीकुंकू लावलेली, तोंड किंचित उघडं, काहीतरी विचारायचं राहून गेलंय असं.  टाकाला लावायचा घास जयश्रीने मोठा केला नाही, उलट लहान केला. भिकाऱ्याला एकदा पोटभर घातलं की तो दार सोडत नाही, असा तो विचार होता. आज तिला त्याची लाज वाटते.

शुक्रवारी तिने गाठोडं घेतलं, खाली गेल्यासारखं केलं आणि मधल्या वळणावर भिंतीला चिकटून उभी राहिली. सवतीला एकदा डोळ्यांनी पाहायचं आणि हात जोडून सांगायचं, बाई, काय हवं ते ने, पण पोर राहू दे. यापुढचं तिने ठरवलं नव्हतं.

वर दार वाजलं. पावलं खाली आली नाहीत. वर गेली.

जयश्री चपला काढून चढली. अगाशीचं दार उघडं होतं. आश्विनातलं ऊन डोळ्यांवर येत होतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, सिमेंटवर, उज्ज्वलाचं ताट ठेवलेलं होतं. ताटात भाजी, भाकर, मिठाची चिमूट. आणि अलीकडे, दाराच्या आडोशाला, मयुरी पाठमोरी बसली होती. दोन्ही हात डोळ्यांवर.

 जयश्री तिच्या शेजारी बसली तेव्हा मुलगी दचकलीसुद्धा नाही.

“हळू,” मयुरी कुजबुजली. “डोळे मिट. पाहिलं तर ती येत नाही.”

जयश्रीने डोळे मिटले. तिने का मिटले ते विचारू नका. सगळ्या गल्लीची लूम एकदम खटखटत होती आणि त्यातून, थोड्या वेळाने, ताटावर बांगडी वाजावी तसा बारीक आवाज आला. कावळ्याची चोचही स्टीलवर तशीच वाजते, हे मला मान्य आहे. मांजर असेल, सुरतेच्या अगाश्यांवर मांजरांना तोटा नाही. पण जयश्रीच्या अंगावर काटा आला तो मांजराचा नव्हता. गळ्यातला टाक तापला होता. उन्हाने तापला असेल.

आवाज थांबल्यावर मयुरीने हात काढले. ताट चाटूनपुसून रिकामं होतं.

“रोज संपवते,” ती समाधानाने म्हणाली. “तुझं शाक तिला आवडत नाय बहुतेक. पण भूक लागली की काय करणार?”

“तुझ्या वाट्याचं देतेस तिला?”

“मग कोणाचं देऊ? तू तर तिला एवढंसं देतेस.” मयुरीने करंगळीचं नख दाखवलं. “मी बघते ना रोज. चिमणीला पण पुरत नाय. आजी म्हणते ती आठ दिवस भुकी होती. एवढ्याने काय होणार तिचं?”

 चार महिने जयश्री आणि तिची सासू, दोघी मोठ्या बायका, त्या पोरीसमोर रोज उपाशी मेलेल्या आईचं नाव घेऊन रडत होत्या आणि नखाएवढा घास तिला दाखवत होत्या. मान दिल्याचं समाधान दोघींना होतं. पोर मात्र मोजत होती.

“आणि तू? तू का नाही खात?”

“मम्मीने फोनवर सांगितलं होतं, मला खूप भूक लागलीय गं मयू. घरी आले की आपण मिरचीचं शाक करू, दोघी एका ताटात जेवू.” तिने ओठ पुसले. “मी हो म्हटलं होतं. मग मी आधी कशी खाऊ?”

“मग घरी का येत नाही ती? इथे अगाशीत का?”

मयुरीने तिच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाला साधी गोष्ट कळू नये, याचं तिला नवल वाटत होतं. “तू घरात असतेस ना,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर जयश्रीला बरं वाटलं असतं.

“मामा मला नेणार,” मयुरी पुढे म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. “मग इथे तिला कोण देणार? ती वर येऊन बसेल आणि ताट नसेल.”

जयश्रीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग तिने जे केलं, ते तिच्या आईने पाहिलं असतं तर तिचं थोबाड रंगवलं असतं. तिने गळ्यातला टाक दोऱ्यासकट बाहेर काढला.

“ही इथेच असते. माझ्या गळ्यात. मी तिला घरी आणते. रविवारी. ती माझ्या तोंडाने जेवेल, तू भरव तिला. एका ताटात. मग जेवशील?”

मयुरीने टाकाकडे पाहिलं. मग तिने विचारलं, “मग तू कुठे जाशील?”

“मी बाजूला बसेन,” जयश्री म्हणाली.

रविवारी योगराज सकाळीच प्रवीणला आणायला उधना स्टेशनवर गेला. जाताना मुलीची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, त्यात कपडे आणि पुस्तकं. गाडी येऊन घरी पोचायला त्यांना दुपार होणार होती. तेवढाच वेळ या दोघींजवळ होता.

स्वयंपाक मयुरीने सांगितला, जयश्रीने केला. मिरचीच्या देठावर अंगठा ठेवून देठ आत दाबायचा आणि मग ओढायचा, की बियांचा गड्डा सगळाच्या सगळा हातात येतो. मिरचीच्या लांब फोडी नाहीत, चौकोनी करायच्या, रुपयाएवढ्या. आधी कोरड्या कढईत बेसन भाजून घ्यायचं, खमंग वास येईपर्यंत, आणि त्यात शेंगदाण्याचं कूट मिसळून बाजूला ठेवायचं. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हळद, हिंग, मग मिरची. कांदा नाही, काळा मसाला नाही.

“झाकण नको!” मयुरी ओरडली. “झाकण ठेवलं की ती रुसते. हिरवी राहात नाय.”

“कोण म्हणतं?”

“मम्मी.”

जयश्रीने झाकण खाली ठेवलं. मोठ्या आचेवर फोडी परतल्या, सालीवर जागोजाग करडे डाग पडले. मीठ, थोडं लाल तिखट, वरून बेसन आणि कूट पेरलं, पाण्याचा एक हबका मारला, आणि शेवटी सुरतेत संसार केलेल्या उज्ज्वलाची खूण म्हणून गुळाचा एक खडा. जयश्रीला भाजीत गूळ मुळीच खपत नसे. तिने तो निमूटपणे टाकला. पाव तास झाला होता. खोलीत असा वास भरला की बाहेर बसलेल्या धुरपदाबाई पदर सावरत आत आल्या आणि दारातच थबकल्या. अकरा महिन्यांत तो वास त्या घरात आला नव्हता.

जयश्रीने फळीवरून ताट काढलं, जमिनीवर मांडलं आणि त्याच्यासमोर मांडी घातली.

“जयसरी!” सासू किंचाळली. “ऊठ! तिन्हा ताटमा? येडी व्हयनी का तू?”

“आत्याबाई, आज तिले पोटभर जेवू द्या,” जयश्री म्हणाली.  तिला खरोखर भीती वाटत होती, आणि खरोखर उठून पळावंसं वाटत होतं. दाराशी ती पिशवी दिसत होती म्हणून ती बसून राहिली.

मयुरीने भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, दोन बोटांनी नीट दाबली. आधी तिने टाकाला हात लावला. “मम्मी, ये,” ती म्हणाली. मग घास जयश्रीच्या तोंडाशी नेला.

जयश्रीने तोंड उघडलं.

पहिला घास तिने गिळला तो नुसता भीतीचा. दुसऱ्याला चव लागली. तिसऱ्या घासाला तिला अशी भूक लागली, जी तिला जन्मात कधी लागली नव्हती. माहेरी उपास काढले होते, सासरी अर्धपोटी झोपली होती, पण ही भूक तिच्या ओळखीची नव्हती. ती पोटाच्या फार खालून आली आणि तिचा अंत दिसेना. ती खात होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मयुरी घास देत होती, पटापट, जेवण थांबलं तर आई निघून जाईल म्हणून.

मग जयश्रीचा उजवा हात उठला. तिने उचलला असं तिला आठवत नाही. त्याने भाकर मोडली, भाजी घेतली आणि घास मयुरीच्या ओठांशी धरला.

“आता तू, मयू.”

मयू हे नाव घरात कोणी घेत नसे. अगाशीत त्या पोरीनेच ते सांगितलं होतं, हे मी विसरलेलो नाही.

मयुरीने घास घेतला. चावला. गिळला. तिच्या गळ्याची ती बारीक हालचाल धुरपदाबाईंनी पाहिली आणि त्या जिथे होत्या तिथेच खाली बसल्या. “मम्मी, मीठ बरोबर आहे ना?” पोरीने विचारलं. “बरोबर आहे,” उत्तर आलं. पोर हसली आणि तिने दुसऱ्या घासासाठी तोंड पुढे केलं.

अशा वेळी योगराज आणि प्रवीण दारात आले. योगराजचा हात चौकटीवर राहिला. प्रवीण एका पायातली चप्पल काढून तसाच उभा. त्याच्या बहिणीच्या ताटात, त्याच्या बहिणीच्या भाजीच्या वासात, पाठमोरी एक बाई त्याच्या भाचीला भरवत होती.

“ताई?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

आता या क्षणाला जयश्री म्हणू शकली असती, मी जयश्री. खरं तेच होतं. पण समोर मयुरी घास तोंडात धरून तिच्याकडे पाहत होती, चावायची थांबली होती. जयश्रीने पदराने तोंड पुसलं आणि वळून म्हणाली, “ये भाऊ. हातपाय धुई ले. जेवाले बठ.”

दुसऱ्या बायकोने पहिलीच्या भावाला भाऊच म्हणायचं असतं, तिचं माहेर आपलं मानायचं असतं. रीत आहे ती. पण ते आपण रीत म्हणून बोललो की कसं, हे जयश्रीला आजही सांगता येत नाही.

प्रवीण जेवला. जेवताना पोरासारखा रडला. मयुरीने दीड भाकर खाल्ली, मग मामाला सांगितलं, “मी नाय येत. मम्मी घरी आली आहे.”  धुरपदाबाईंनी स्वतः उठून पिशवीतले कपडे काढले आणि घडी घालून परत फळीवर ठेवले. तीनच्या सुमाराला प्रवीण एकटाच परत गेला. योगराज त्याला सोडायला गेला. जाताना त्याने जयश्रीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतकी माया होती की तिने मान फिरवली. ती माया तिच्यासाठी नव्हती.

मयुरी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. चार महिन्यांत पहिल्यांदा. जयश्रीने तिच्या केसांतून हात फिरवला. पोर मिळाली होती. तिला जे हवं होतं ते सगळं तिच्या मांडीवर होतं आणि झोपेत त्याचं पोट भरलेलं होतं.

आणि चार वाजता जयश्रीला भूक लागली.

आधी तिचा विश्वास बसला नाही. ताटभर जेवली होती ती, सगळ्यांनी पाहिलं होतं. पण ही भूक तिच्या चांगल्याच ओळखीची होती, तिची स्वतःची, सकाळपासून एक घास पोटात न गेलेल्या बाईची. तिने पोरीचं डोकं हळूच उशीवर ठेवलं आणि आत गेली. कढई पुसून काढलेली होती. टोपलीत भाकर उरली नव्हती. घरात सगळ्यांची जेवणं झाली होती आणि जयश्री जेवली नाही, हे कोणाला विचारायलाही सुचलं नव्हतं. सुचावं तरी कसं? ती बाजूला बसली होती.

ओट्याला धरून ती आवाज न करता रडली. मग बाहेर मयुरीने झोपेत कूस बदलून “मम्मी” म्हटलं. जयश्रीने डोळे पुसले आणि “आले गं” म्हणत ती बाहेर गेली.